अपग्रेड जरूर करा, पण आधी तो सर्व्हर रिकाम्या डिस्कवरून उभा करून दाखवा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका वाचकाने चिडून विचारलं होतं, की ‘सिस्टम अपग्रेडमुळे सेवा बंद’ अशी पाटी सारखी का लागते? मोबाइल रात्री चार्जिंगला लावला तर सकाळी नवी आवृत्ती आलेली असते, मग या मोठ्या यंत्रणांना तेवढं का जमू नये? प्रश्न रास्त आहे. त्याखाली आपण छापलेली चौकट मात्र मला पटली नाही. ‘सर्व्हर जुने झाले आहेत, त्यांचा सपोर्ट संपला आहे, ते ताबडतोब अपग्रेड केले की प्रश्न मिटेल’ असा तिचा सूर होता. सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टम चढवणं आणि बदलणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच.

आधी सपोर्ट संपण्याबद्दल. विंडोज सर्व्हर २०१२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, सेंटओएस ७ या लिनक्स घराण्यातल्या सिस्टमचा ३० जून २०२४ ला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळे सर्व्हर आदल्या दिवशीसारखेच चालू होते. सपोर्ट संपला म्हणून काहीही बंद पडत नाही. फक्त त्यात नवं भगदाड सापडलं तर ते बुजवणारा पॅच येत नाही. त्यामुळे पैसे मंजूर करणाऱ्या माणसाला काही बिघडलंय असं दिसतच नाही, आणि फाइल पुढच्या वर्षावर ढकलली जाते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच होतं. मग एके दिवशी ऑडिटवाला येतो, लाल शेरा मारतो, आणि वरून आदेश सुटतो की महिनाअखेर सगळं अपग्रेड झालं पाहिजे.

त्या महिनाअखेरीच्या घाईत आमच्यापुढे दोन रस्ते असतात. एक, चालत्या सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टम जागच्या जागी बदलायची. दुसरा, डिस्क कोरी करून नेटवर्कवरून नवी सिस्टम चढवायची आणि वर ॲप्लिकेशन व डेटा परत आणायचा. आपल्या चौकटीत पहिलाच रस्ता गृहीत धरलेला दिसतो. बहुतेक व्यवस्थापकही तोच धरतात, कारण ‘आहे त्यावरच नवं टाका’ हे ऐकायला स्वस्त वाटतं. माझं म्हणणं असं, की जिथे दुसरा रस्ता तयार नाही तिथे पहिल्यावर पाऊल टाकूच नये.

जागच्या जागी अपग्रेड करणं म्हणजे काय ते सांगते. डेबियन, उबुंटू, रेड हॅट या लिनक्सच्याच जाती. त्यांतले डेबियनवाले स्पष्टच बजावतात, मधली आवृत्ती गाळून उडी मारू नका. उबुंटूतही दीर्घ सपोर्टच्या एका आवृत्तीवरून लगतच्या पुढच्याच आवृत्तीवर जाता येतं. म्हणजे १८.०४ वर बसून राहिलेल्याला २४.०४ गाठायचं तर आधी २०.०४, मग २२.०४, असे तीन अपग्रेड. रेड हॅटमध्ये लीप नावाचं साधन आहे. त्यानेही सातवरून आठ, आठवरून नऊ असं पायरीपायरीनेच जावं लागतं. दर पायरीला सर्व्हर रीबूट होणार, आणि दर रीबूटला तो परत येईल की नाही ही धाकधूक.

मध्येच प्रश्न येतात. पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्रॅम चढवणारं-बदलणारं साधन, थांबून विचारतो, ‘ही कॉन्फिगरेशन फाइल तुम्ही बदललेली दिसते, पॅकेजबरोबर नवी आली आहे, कुठली ठेवू?’ नुसतं एंटर मारलं तर जुनी राहते. असा प्रश्न एसएसएचसाठी (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) येतो, लॉगसाठी येतो, वेब सर्व्हरसाठी येतो. एकाच कामाचे दहा सर्व्हर तिघांनी वाटून घेतले तर या प्रश्नांची उत्तरं तिघं तीन तऱ्हेने देतात. काल एकसारखे असलेले दहा सर्व्हर आज तीन तऱ्हांचे होतात, आणि कुणी कुठे काय दाबलं याची नोंद कुठेच नसते. शिवाय आधीच्या माणसांनी हाताने केलेल्या खटपटी, कुणीतरी तात्पुरती म्हणून लावलेली क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या साधनाची) ओळ, कधीच सोडून गेलेल्या कंत्राटदाराचं लॉगिन, हे सगळं जसंच्या तसं नव्या आवृत्तीत वस्तीला येतं. आवृत्तीचा आकडा तेवढा बदलतो.

यंत्रालाही स्वतःच्या अडचणी असतात. जुन्या सर्व्हरवर बूटचं (सिस्टम सुरू व्हायला लागणाऱ्या फाइलींचं) पार्टिशन शंभर-दोनशे एमबीचं ठेवलेलं असतं. त्यात जुने कर्नल (सिस्टमचा गाभा) साठलेले असतात, नवा कर्नल उतरायला जागा नसते आणि अपग्रेड अर्ध्यात अडकतो. नेटवर्क कार्डाचं पूर्वीचं ‘ईटीएच०’ हे नाव नव्या पद्धतीत ‘ईएनओ१’ नाहीतर ‘ईएनपी३एस०’ असं काहीतरी होतं. कॉन्फिगरेशन मात्र जुन्याच नावाची वाट बघत बसतं. सर्व्हर चालू, दिवे लुकलुकतायत, आणि नेटवर्कवर त्याचा पत्ता नाही. उबुंटूची अपग्रेडची कमांड एसएसएचवरून चालवली तर ती आधी १०२२ क्रमांकाच्या पोर्टवर एक जादा एसएसएच उघडून ठेवते, मुख्य कनेक्शन तुटलं तर आत शिरायला. हे पोर्ट फायरवॉलमध्ये उघडावं लागेल असंही ती बजावते. तो मजकूर न वाचता एंटर दाबून पुढे जाणाऱ्यांची आमच्या धंद्यात कमतरता नाही.

सगळ्यात वाईट असतं ते ड्रायव्हरचं, म्हणजे यंत्राचा एकेक भाग सिस्टमला वापरता यावा यासाठीच्या प्रोग्रॅमचं. रेड हॅटने आठव्या आवृत्तीत कित्येक जुन्या रेड कंट्रोलरांचे (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डांचे) ड्रायव्हर काढून टाकले. नवव्या आवृत्तीला प्रोसेसरच किमान अमुक एका पातळीचा लागतो, दहावीला त्याहून वरचा. ड्रायव्हर नसला की रीबूटनंतर नवा कर्नल उठतो, इकडेतिकडे बघतो, आणि त्याला स्वतःची डिस्कच सापडत नाही. ज्या डिस्कवरून जुना कर्नल वर्षानुवर्षं बूट होत होता तीच!

नेटवर्कवरून बूट करण्याची सोय असेल तर हा प्रकार आधीच कळतो. तोच जुना सर्व्हर, रात्री काही मिनिटांसाठी, नव्या आवृत्तीच्या इन्स्टॉलरच्या रेस्क्यू मोडमध्ये नेटवर्कवरून उठवायचा. डिस्कवर काहीही लिहायचं नाही. कमांड लाइनवर यायचं, डिस्क दिसतात का बघायचं, नेटवर्क कार्डांना नवी नावं कोणती मिळाली ती टिपून घ्यायची, आणि रीबूट करून सर्व्हर परत जुन्या सिस्टमवर सोडायचा. एवढ्याने निम्मी धाकधूक संपते. तरी ही चाचणी फार थोड्या ठिकाणी होते, कारण ती करायला जी व्यवस्था लागते ती उभारायचं कुणी मनावरच घेतलेलं नसतं.

ही व्यवस्था काही नवी नाही. टीएफटीपी हा फाइल पाठवायचा साधासुधा प्रोटोकॉल १९८१ सालचा, मशीनला नेटवर्कवरचा पत्ता देणारा बूटपी १९८५ चा, त्यातूनच पुढे डीएचसीपी आला, आणि या सगळ्यांना एकत्र गुंफणारं इंटेलचं पीएक्सई २.१ हे नेटवर्कवरून बूट होण्याचं स्पेसिफिकेशन १९९९ चं. आजही सर्व्हर विकत घेतला की त्याच्या नेटवर्क कार्डात पीएक्सई आयतंच येतं, त्याचे वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

कोरी डिस्क घातलेला सर्व्हर रॅकमध्ये बसवून चालू केला, की त्याला ना नाव असतं ना पत्ता. नेटवर्क कार्डावर कारखान्यातून आलेला मॅक ॲड्रेस तेवढा असतो. त्याच्या जोरावर तो अख्ख्या नेटवर्कला हाक मारतो. डीएचसीपी सर्व्हर त्याला आयपी ॲड्रेस देतो आणि सांगतो, अमुक मशीनवर तमुक नावाची फाइल आहे, ती उचल आणि चालव. मशीन बायोसचं आहे की यूईएफआयचं (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचे जुना आणि नवा असे दोन प्रकार), हे ते डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या ऑप्शनमधून आधीच कळवतं, कारण दोघांना लागणारी फाइल वेगळी असते. ही बूटची छोटी फाइल टीएफटीपीवरून येते आणि मग ती आपलं कॉन्फिगरेशन शोधायला लागते. पीएक्सईलिनक्स या बूटच्या फाइलीची शोधायची रीत मला अजून गंमतीची वाटते. आधी मशीनच्या यूयूआयडीच्या, म्हणजे ओळखक्रमांकाच्या, नावाची फाइल आहे का बघणार. नसेल तर मॅक ॲड्रेसच्या नावाची. तीही नसेल तर आयपी ॲड्रेस हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायावर) लिहून त्या आठ अक्षरांची, मग शेवटचं अक्षर उडवून सात अक्षरांची, मग सहा, असं करत एका अक्षरापर्यंत. आणि काहीच हाती लागलं नाही तर ‘डिफॉल्ट’. लॉग उघडून बसलं की हा सगळा शोध ओळीमागून ओळ सरकताना दिसतो, आणि कुठे अडलं ते पहिल्या नजरेत कळतं.

अडतंच म्हणा. स्क्रीनवर ‘पीएक्सई-ई५१’ आलं तर डीएचसीपीचं उत्तरच पोचलेलं नाही. बऱ्याचदा दोष स्विचचा असतो. स्पॅनिंग ट्रीच्या, म्हणजे नेटवर्कमध्ये चक्र तयार होऊ न देण्याच्या, नियमांनी पोर्ट चालू झाल्यावर तीस सेकंद काहीच पुढे सोडत नाही, आणि तोवर सर्व्हर हाका मारून थकलेला असतो. नेटवर्कवाल्यांना फोन केला तर ते शांतपणे म्हणतात, ‘पोर्ट अप आहे.’ आता अपच असणार, तीस सेकंद उलटून गेल्यावर तुम्ही बघताय! त्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघण्याची सूचना) लावलं की काम होतं. ‘ई५३’ आलं तर पत्ता मिळाला पण फाइलचं नाव मिळालं नाही. ‘ई३२’ आलं तर नाव मिळालं पण टीएफटीपी गप्प आहे. तिथे नव्वद टक्के वेळा मी आधी फायरवॉल बघते, कारण टीएफटीपीची विनंती ६९ क्रमांकाच्या पोर्टवर जाते आणि उत्तर भलत्याच पोर्टवरून येतं. फायरवॉलला ते परकं वाटतं.

बूटच्या फाइलमागोमाग कर्नल आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचं गाठोडं) येतात, इन्स्टॉलर सुरू होतो, आणि तो एक उत्तरांची फाइल मागतो. रेड हॅटच्या घराण्यात तिला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, सुसेमध्ये ऑटोयास्ट, उबुंटू सर्व्हरमध्ये २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल. विंडोजमध्येही अनअटेंडची एक्सएमएल फाइल असते. डिस्क कशी विभागायची, पॅकेजं कोणती, टाइमझोन कोणता, इन्स्टॉल झाल्यावर काय चालवायचं, सगळं त्यात लिहिलेलं. ही फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) असली की कुणी, कधी, काय आणि का बदललं ते दिसतं. अपग्रेड म्हणजे मग या फाइलमधली आवृत्ती बदलायची, एका फालतू मशीनवर चालवायची, फुटलं तर दुरुस्त करायची, पुन्हा चालवायची. हा सगळा खेळ दिवसाढवळ्या, चालू सेवेला हात न लावता होतो. आपल्या पत्रलेखकांना हव्या असलेल्या उत्तराचा मोठा भाग मला वाटतं इथे आहे. नव्या मशीनवर नवी सिस्टम आधीच तयार असते. पाटी लागते ती डेटा आणि वापरकर्ते इकडून तिकडे वळवण्यापुरती.

डेटा मात्र सिस्टमपासून वेगळा ठेवलेला हवा, नाहीतर हे सगळं कागदावरच राहतं. वेगळी डिस्क, वेगळा व्हॉल्यूम, काहीही चालेल, पण सिस्टमची डिस्क डोळे मिटून पुसता आली पाहिजे. जिथे ॲप्लिकेशन, त्याचा डेटा आणि त्याच्या लायसनची फाइल एकाच पार्टिशनवर गुण्यागोविंदाने नांदतायत, तिथे आधी ते वेगळं करायचं काम आहे. त्यात महिने जातात आणि त्याचं श्रेय कुणालाच मिळत नाही.

सेंटओएस ८ चं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. ती २०२९ पर्यंत चालेल या भरवशावर लोकांनी सर्व्हर उभे केले, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. ज्यांचे सर्व्हर उत्तरांच्या फाइलीवरून बनत होते त्यांनी पॅकेजांचा पत्ता बदलला, आल्मा नाहीतर रॉकी या तिच्या जागी आलेल्या सिस्टमकडे वळवला, चाचण्या केल्या आणि पुढे गेले. ज्यांचे हाताने बनवलेले होते त्यांना आधी हे शोधावं लागलं, की मुळात आपल्या सर्व्हरवर आहे तरी काय.

काही जण म्हणतील, नेटवर्कवरून एवढं सगळं आणायला वेळ किती लागणार? हिशेब मांडूया. टीएफटीपी मुळात ५१२ बाइटांचा एकेक तुकडा पाठवतो आणि त्याची पोच आल्याशिवाय पुढचा देत नाही. एकेक पान देऊन प्रत्येक पानावर सही मागणाऱ्या कारकुनासारखं ते चालतं. ६० एमबीचा इनिटआरडी म्हणजे असे सुमारे १ लाख २३ हजार तुकडे. सर्व्हर शेजारच्या खोलीत असेल आणि पोच यायला एक मिलिसेकंद लागत असेल तर दोन मिनिटांत काम होतं. तोच दूरच्या शाखेत असेल आणि येण्याजाण्याला २० मिलिसेकंद लागत असतील तर चाळीस मिनिटं. लाइन कितीही रुंद घ्या, फरक पडत नाही. वेळ रुंदीने नाही, येरझारांनी खाल्लेला असतो.  उपाय सोपा आहे. टीएफटीपीवरून फक्त आयपीएक्सई या बूटच्या प्रोग्रॅमची चिमुकली फाइल घ्यायची आणि बाकी सगळं एचटीटीपीवरून ओढायचं. यूईएफआयमध्ये तर २०१५ पासून, २.५ आवृत्तीत, थेट एचटीटीपी बूटच आलं आहे. मोठ्या प्रमाणावर गणित याहून सुखाचं होतं. पन्नास सर्व्हर, प्रत्येकाला दीड जीबी पॅकेजं, म्हणजे ७५ जीबी. एक गिगाबिटच्या लाइनवर साधारण बारा मिनिटं. भरपूर रॅमचे काही सर्व्हर तर सुरू होताना ती तपासण्यातच बराच वेळ घालवतात.

पॅकेजांचा साठा मात्र स्वतःचा आणि गोठवलेला हवा. इन्स्टॉलर थेट इंटरनेटवरून पॅकेजं घेत असेल तर आज बनवलेला सर्व्हर आणि त्याच फाइलीने दोन महिन्यांनी बनवलेला सर्व्हर वेगळे निघतात, आणि मग ‘त्या मशीनवर चालतं, या मशीनवर नाही’ हा वाद सुरू होतो.

आता धोक्यांकडे येते. सर्व्हर बनवणारी व्यवस्था त्यांना पुसणारीही असते, आणि ज्यांनी ती उत्साहाने लावली त्यांच्यापैकी काहींना हे फार उशिरा कळलेलं आहे. किकस्टार्टमध्ये ‘क्लिअरपार्ट ऑल’ अशी ओळ असते. ऑल म्हणजे खरोखरच ऑल. सर्व्हरला फायबरने सॅनवरच्या (वेगळ्या सामायिक साठ्यातल्या) डिस्क जोडलेल्या असतील तर इन्स्टॉलरच्या नजरेत त्याही डिस्कच, त्याही पुसल्या जातात. म्हणून कुठल्या डिस्कला हात लावायचा ते नाव घेऊन सांगायचं, आणि तेही लिनक्सने बूटच्या वेळी दिलेल्या ‘एसडीए’ अशा नावाने नाही, कारण आज एसडीए असलेली डिस्क उद्या एसडीबी होऊ शकते. डिस्कच्या स्थिर ओळखीने सांगायचं. मी तर वर फायबरच्या केबली काढून ठेवा असंही सांगते. तरुण सहकारी हसतात. हसू देत.

दुसरा धोका त्या ‘डिफॉल्ट’ फाइलीचा. तिथे इन्स्टॉलचा मेनू ठेवला, त्याला दहा सेकंदांचा टाइमआउट लावला, आणि एखाद्या सर्व्हरच्या बूटक्रमात नेटवर्क डिस्कच्या आधी असलं, की वीज जाऊन आल्यावर तो सर्व्हर निमूटपणे स्वतःला पुसून नव्याने इन्स्टॉल होतो. ज्या मशीनची ओळख नाही त्याला ‘आपल्या डिस्कवरून बूट हो’ एवढंच उत्तर मिळालं पाहिजे. इन्स्टॉलची परवानगी मॅक ॲड्रेस बघून, एका वेळेपुरती द्यायची आणि काम झालं की काढून घ्यायची. कॉबलरसारख्या साधनांत ही सोय असते. सर्व्हर दुरून हाताळायच्या मॅनेजमेंट कार्डावरूनही ‘फक्त पुढच्या बूटला नेटवर्क’ असं सांगता येतं.

तिसरा धोका सुरक्षेचा. डीएचसीपी आणि टीएफटीपी कुणालाही ओळख विचारत नाहीत. त्याच नेटवर्कवर कुणी लॅपटॉप लावून डीएचसीपी सर्व्हर असल्याची बतावणी केली तर नवा सर्व्हर त्याचंही ऐकेल. आणि एचटीटीपीवर उघडी पडलेली किकस्टार्ट फाइल कुणीही ब्राउझरमध्ये वाचू शकतो, तीत रूटच्या (सर्वाधिकारी खात्याच्या) पासवर्डचा हॅश (गुंतवून लिहिलेलं रूप) असतो. काही ठिकाणी सरळ पासवर्डच लिहिलेला असतो, त्यावर मी काय बोलणार! इन्स्टॉलेशनचं व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा) वेगळं ठेवायचं, पॅकेजांच्या सह्या तपासायच्या, सिक्युअर बूट (सही तपासूनच बूट होऊ देणारी सोय) बंद करून मोकळं व्हायचं नाही, आणि गुपितं उत्तरांच्या फाइलीत न घालता सर्व्हर उभा राहिल्यावर ॲन्सिबलसारख्या साधनाने पोचवायची. फाइल एचटीटीपीएसवरून द्यायला सुरुवात केली की एक मजेशीर अडचण येते, ती जाता जाता सांगते. जुन्या मशीनची मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असली तर त्याचं घड्याळ कित्येक वर्षं मागे असतं. सर्टिफिकेट त्याला भविष्यातलं वाटतं, आणि ते कनेक्शनच नाकारतं. माणसं बिचारी सर्टिफिकेट तपासत बसतात.

‘आता सगळं क्लाउडवर आहे, हे कशाला?’ असंही ऐकायला मिळतं. क्लाउडवर हाताने बनवलेला सर्व्हर हाताने बनवलेलाच असतो. तिथे पीएक्सईऐवजी तयार इमेज असते आणि उत्तरांच्या फाइलीऐवजी क्लाउड-इनिट असतं. बाकी प्रश्न तेच, आणि ती इमेज कशावरून बनवली ते कुठे लिहिलंय हाही.

अपवाद आहेत, ते नाकारत नाही. ज्याची बनवणारी कंपनीच उरली नाही आणि इन्स्टॉलरची सीडी हरवली आहे असं ॲप्लिकेशन कोऱ्या डिस्कवर पुन्हा चढवता येत नाही. तिथे जागच्या जागीच बदल करावा लागतो, किंवा सगळं मशीन जसंच्या तसं व्हर्च्युअल करून नेटवर्कच्या कोपऱ्यात बंदिस्त ठेवावं लागतं. पण असा एक सर्व्हर असतो आणि त्याच्या नावाखाली बाकीचे सगळे तसेच ठेवले जातात, ही माझी तक्रार आहे.

सुरुवात करायला फार काही लागतही नाही. रेड हॅटच्या घराण्यातला सर्व्हर हाताने इन्स्टॉल केलेला असला तरी त्याच्या रूटच्या फोल्डरमध्ये ‘अ‍ॅनाकोंडा-केएस’ नावाची फाइल पडलेली असते. तुम्ही इन्स्टॉल करताना दिलेली सगळी उत्तरं किकस्टार्टच्या भाषेत तीत लिहिलेली असतात. ती उचला, पासवर्डची ओळ बदला, डिस्कची ओळ तपासा, आणि एका रिकाम्या व्हर्च्युअल मशीनवर नेटवर्कवरून चालवून बघा. जुन्या डेस्कटॉपवर डीएनएसमास्क टाकला तर डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये मिळतात. एखाद्या शनिवारी दुपारी बसलं तर होण्यासारखं काम आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. पुढच्या वेळी कुठलीही मोठी सेवा ‘अपग्रेडमुळे’ तासन्‌तास बंद पडली आणि आपला वार्ताहर तिथे गेला, तर कधी सुरू होणार एवढंच विचारून परतू नये. हा सर्व्हर कोऱ्या डिस्कवरून शेवटचा कधी उभा करून बघितला होता आणि त्याला किती वेळ लागला होता, हेही विचारावं. ‘आमच्याकडे बॅकअप आहे’ असं उत्तर येण्याची शक्यता दाट आहे. त्यावर बॅकअप कुठल्या मशीनवर उतरवणार आणि त्या मशीनवर सिस्टम कोण चढवणार, असं विचारावं, आणि जे उत्तर मिळेल ते छापावं.

आपली नम्र,
एक वाचक, व्यवसायाने सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर